हसऱ्या फोटोला श्रद्धांजली

जयमाला मेली, हे जयमालाला सगळ्यात शेवटी कळलं.

संक्रांत तोंडावर आली होती. ती अंगणात तुरीच्या शेंगा सोलत बसली होती आणि मनात काहीच चाललं नव्हतं. पाठीला ऊन लागलं की तिचं असंच व्हायचं, हात आपले काम करत राहायचे आणि ती कुठंतरी निघून जायची. तेवढ्यात गल्लीच्या टोकाची केसरबाई तोंडाला पदर लावून आली. तिनं दारातच हंबरडा फोडला, अंगणात पाऊल टाकलं, आणि मेलेली बाई मांडीत सूप घेऊन बसलेली पाहून तो हंबरडा घशातच अडकला. आता रडायला आलेल्या माणसानं परत तरी कसं जावं? केसरबाई खाली बसली, चार शेंगा सोलल्या, चहा घेतला आणि जाताना म्हणाली, मरणाची खोटी बातमी उठली की आयुष्य वाढते बाई, चांगलंच झालं म्हण.

मग रांगच लागली. कोणी वावरातून तसंच धावत आलेलं, कोणी चप्पल हातात घेऊन. जयमालानं दिवसभर स्वतःच्या मयतीला आलेल्या लोकांना चहा पाजला. गाव खारपाण पट्ट्यातलं, पाणी खारं, चहाही तसाच व्हायचा, पण कोणी नको म्हटलं नाही.

सगळा पराक्रम सागरचा, म्हणजे तिच्या धाकट्या दिराचा. सागरला बॅनरची भारी हौस. कोणाचा वाढदिवस असो, कोणाच्या पोराची नोकरी असो, गाय व्यालेली असो, सागरचा बॅनर सकाळी सहाला गावभरच्या मोबाईलवर हजर, आणि त्यात कोपऱ्यात हात जोडून उभा स्वतः सागर. घरातल्या गेलेल्या वहिनीचं पुण्यस्मरणही तो दरवर्षी न चुकता टाकायचा. यंदा तो गडबडीत होता, म्हणून वरवट बकालच्या डिजिटल दुकानाला नुसता फोन केला की जयमाला वहिनीची श्रद्धांजली बनव. दुकानदाराकडे जयमाला वहिनीचा फोटो होताच, दिवाळीच्या शुभेच्छांचा, कुटुंबासोबतचा. त्यानं त्यातून वहिनी कापून घेतली, भोवती फुलांची चौकट घातली, आणि खाली लिहिलं, भावपूर्ण श्रद्धांजली, कै. सौ. जयमाला राजकुमार ढगे. फोटो इतका ताजा, म्हणून पुण्यस्मरण वगैरे न लिहिता मरणही ताजंच करून टाकलं. सागरनं न बघता पुढं ढकललं. त्या माणसाचं तरी काय चुकलं? नाव बरोबर, फोटोही त्याच नावाच्या बाईचा.

आता एका घरात दोन जयमाला कशा, ते सांगायला हवं.

राजकुमारची पहिली बायको जयमाला. ती तापानं गेली तेव्हा डिंपल अंगावर पीत होती. वर्षाच्या आत त्याचं दुसरं लग्न लागलं, मोताळ्याकडच्या धामणगाव बढ्याच्या मंजुश्रीशी. लग्नानंतर ताटात तांदूळ पसरतात आणि नवरा अंगठीनं त्यात बायकोचं नवं नाव लिहितो, ते सगळ्यांना ठाऊक आहे. राजकुमारनं लिहिलं, जयमाला. मंजुश्रीचे वडील पुंजाजी वाकून वाचून म्हणाले, चांगलं नाव आहे. चौथ्या दिवशी घर झाडताना तिनं भिंतीवरचा हार घातलेला फोटो पुसला आणि खालची अक्षरं वाचली, तेव्हा तिच्या लक्षात आलं की या नावात आत्ताआत्तापर्यंत कोणी राहत होतं. सासूला, तानुबाईला, तिनं कसंबसं विचारलं. तानुबाई सरळ बाई, सरळ सांगितलं. पोरीच्या जन्माच्या दाखल्यावर आईचं नाव जयमाला, रेशनकार्डावर जयमाला. आता खाडाखोड कुठं करत बसायची, आणि उद्या शाळेत पोरीला कोणी सावत्र म्हणू नये.

तर सरकारच्या लेखी राजकुमारची बायको कधी मेलीच नव्हती. मंजुश्री नावाची मुलगी मात्र कुठल्याच कागदावर उरली नाही. वडील गेले, भाऊ सुरतेला गेला तो तिकडचाच झाला, माहेर म्हणून हाक मारणारं कोणी राहिलं नाही. दरवर्षी पहिलीच्या पुण्यतिथीला ती पुरणाचा स्वयंपाक करायची, फोटोसमोर पान वाढायची आणि जयमालाच्या नावानं घास बाजूला काढून ठेवायची. पहिली काही वर्षं घास काढताना आपल्याच नावानं काढतोय असं तिला वाटायचं. मग सवय झाली, कशाचीही होते.

डिंपलला तिनं पोटच्या पोरीसारखं वाढवलं, हे गाव सांगेल. ती पोर आता नागपूरला नर्सिंग शिकत होती. बॅनर तिच्याही मोबाईलवर गेला. तिचा फोन आला तेव्हा पलीकडून नुसता श्वास ऐकू येत होता.

"आई, तू बोल फक्त. कायबी बोल."

जयमालानं तिला सांगितलं की तुरीच्या दाण्याची आमटी करून राह्यली, लसूण संपला, मांजरीनं कोठ्यात पिलं घातली. डिंपल ऐकत राहिली आणि मग लहानपणी रडायची तशी हमसून हमसून रडली. जयमालालाही रडू आलं, पण तिनं ते आमटीच्या फोडणीवर ढकललं.

राजकुमार सागरवर फार भडकला. संध्याकाळपर्यंत दुसरा बॅनर आला, सौ. जयमाला वहिनी सुखरूप आहेत, चुकीबद्दल क्षमस्व. त्यात वहिनीचा फोटो बोटभर आणि सागरचा वीतभर. झालं, मिटलं, असं सगळ्यांना वाटलं. पण मरणाची बातमी जेवढी पळते तेवढी जिवंत असल्याची पळत नाही. पहिला बॅनर तालुक्याबाहेर कधीच गेला होता, दुसरा गावातच बसून राहिला.

सगळे पांगल्यावर जयमालानं पहिला बॅनर एकटीनं उघडून पाहिला. आतापर्यंत लाजेनं नीट बघितलाच नव्हता. दिवाळीला सागरनं काहीतरी वेडंवाकडं बोलून हसवलं होतं, तेव्हाचा फोटो. पुढचा अर्धा तुटका दात दिसत होता. एरवी ती फोटोत तोंड मिटून घ्यायची. मेलेली बाई मात्र मोकळं हसत होती, चौकटीतली फुलं तिच्या खांद्यापर्यंत आली होती. जयमालाला ती बाई आवडली. किती दिवसांनी पाहतेय हिला, असं वाटलं, आणि मग स्वतःचंच नवल वाटलं.

तिसऱ्या दिवशी दुपारी फोन वाजला. फोन तिचाच, म्हणजे राजकुमारचा जुना, काचेला तडा गेलेला. त्यावर नाव होतं 'ढगे घर' आणि फोटो ट्रॅक्टरचा. आसपासच्या सगळ्या बायकांचं असंच, कोणाचा गुलाब, कोणाचा नातू, कोणाचा नुसता सूर्य. बॅनरवर संपर्क म्हणून दुकानदारानं सागरच्या जुन्या बॅनरवरचा हाच घरचा नंबर टाकला होता.

"नमस्कार, मी योगिनी बोलते. तुमच्या घरातल्या ज्या बाई गेल्या, ती माझी शाळेतली मैत्रीण. दातावरून ओळखलं मी. आपण कोण?"

योगिनी. कबड्डीत जिच्या कोपरानं तो दात तुटला होता तीच. मीच आहे ओ, अजून मेली नाई, एवढंच म्हणायचं होतं. पण तिकडून योगिनी बोलतच राहिली, तिचा आवाज भरून आला, किती वर्षं शोधतेय म्हणाली, मुलांची सगळी नावं सापडली, मुलींची सापडत नाहीत, सगळ्या कुठल्या कुठल्या नावांखाली गेल्या, मंजुश्री म्हणून टाकलं की भलत्याच बायका येतात. मंजुश्री. तो शब्द कानात शिरला आणि जयमाला ओट्यावर बसलीच. कित्येक वर्षांत तिला या नावानं कोणी हाक मारली नव्हती. आता मी जिवंत आहे म्हटलं की ही हसेल, रागावेल, आणि हे असं बोलणं थांबेल.

"मी जाऊ तिची," ती म्हणाली.

"कशानं गेली हो ती?"

जयमालानं समोर पाहिलं. दुपारचं ऊन अंगणात पसरलं होतं आणि लांब सातपुडा निळसर धुरात विरघळल्यासारखा दिसत होता.

"झोपीतच गेली. कोणाले समजलंबी नाई."

आपण हे खोटं बोललो असं तिला तेव्हा वाटलं नाही, हीच खरी गंमत. योगिनी रडली. मग म्हणाली, आमच्या वर्गाचा ग्रुप आहे, तुमचा नंबर त्यात घेते, लोक तिच्याबद्दल जे लिहितायत ते तिच्या लेकरांना दाखवा.

त्या दिवसापासून जयमाला दुपारी तुरीच्या वावरात जाऊन बसू लागली. कापणीला आलेली तूर डोक्याच्या वर गेलेली, आत बसलं की बाहेरचं जग दिसत नाही, नुसत्या शेंगा खुळखुळतात. तिथं बसून ती आपल्या मरणाबद्दल वाचायची. कोणी लिहिलं होतं, मंजुश्री कडुनिंबाच्या फांदीला लोंबकळून शाळेची घंटा वाजवायची आणि अर्धी शाळा वेळेआधी घरी जायची. कोणी लिहिलं होतं, तिचा कबड्डीचा दम इतका लांब की समोरच्या पोरी थकून खाली बसायच्या. एकानं तर लिहिलं की तिनं त्याला पुरात वाहून जाताना वाचवलं. ते तिनं मुळीच केलं नव्हतं, त्या गावाच्या नाल्याला गुडघ्यावर पाणी कधी नसायचं. पण मेल्यावर माणूस चांगलाच होतो, तिनं तेही ठेवून घेतलं.

संघपालचा मजकूर तिनं पुन्हा पुन्हा वाचला. तो आता एसटीत वाहतूक निरीक्षक होता. त्यानं लिहिलं होतं, सहलीत डबे उघडले तेव्हा मी नेहमीसारखा कडेला बसलो होतो. मंजुश्री उठून आली, माझ्या डब्यातली अर्धी भाकर तिनं मागून घेतली आणि सगळ्यांसमोर खाल्ली. तिच्या घरी ते कळलं आणि तिला मार बसला, हेही मला माहीत आहे. माझ्या आईला मी सांगितलं, तेव्हापासून आई माझ्या डब्यात एक भाकर जास्त घालायची, पण सहल पुन्हा निघाली नाही.

हे ती साफ विसरली होती. मारसुद्धा. तुरीच्या त्या हिरव्या उजेडात तिला ती पोरगी स्पष्ट दिसली, दोन वेण्या, दात अजून साबूत, हातात अर्धी भाकर. एवढी हिंमत होती हिच्यात, मग ती गेली कुठं? तिला स्वतःची आठवण येऊ लागली, एखाद्या दूरच्या माणसाची यावी तशी. घरी ती स्वयंपाक करायची, झाडायची, पण पाय जमिनीला टेकत नाहीत असं वाटायचं. भाजीत दोनदा मीठ पडलं. राजकुमारनं तसंच खाल्लं, खारं त्यांच्या सवयीचंच.

मग ग्रुपवर कळलं की येत्या रविवारी धामणगाव बढ्याला शाळेत वर्गाचा मेळावा आहे. आधीपासून ठरलेला. आता त्यात मंजुश्रीला श्रद्धांजली जोडली होती. योगिनीनं 'ढगे घर' असं लिहून विनंती केली की तिच्या घरचं कोणी आलं तर बरं वाटेल.

आता मात्र ती अडकली. इतके दिवस गप्प राहिले. लोक खरे रडले. आता उभी राहिले तर म्हणतील, सोंगाडी बाई, आमच्या आसवांची मजा बघत बसली. आणि नाही गेले तर रविवारी मंजुश्रीला हार घालतील, दोन मिनिटं उभे राहतील आणि तिला कायमचं मिटवून टाकतील, आणि तिचं नाव ठाऊक असलेली ही शेवटची माणसंही सुटतील. जिवंत झालं तर तोंड काळं, मेलेलं राहिलं तर सगळ्यांची लाडकी. तिला जायचं होतं. इतकं तिला कधी कुठं जायचं नव्हतं.

शनिवारी संध्याकाळी जेवताना तिनं सगळं सांगून टाकलं. राजकुमारचा घास हातातच राहिला.

तो वाईट माणूस नव्हता. तिला कधी बोट लावलं नाही, आजारपणात उशाशी बसला, डिंपलला शिकवलं. पण त्याला हसू होण्याची भीती फार. इतके दिवस मेल्याचं सोंग का घेतलं, लोक आपल्या घराला काय म्हणतील, तिथं कोणाच्या तोंडाला लागायचं, असं बरंच बोलला. मग पाणी पिऊन त्यानं मिटवायचं म्हणून मिटवलं.

"तुले काय करायचं त्याईचं. त्याईच्यासाठी मेली ना, राहू दे मेलेली."

ताटातली भाकर तिला एकदम परक्या घरची वाटली. ती शांतपणे म्हणाली, "माह्यं नाव सांगा बरं."

"म्हंजे?"

"माह्या बापानं ठेवलं ते."

राजकुमार हसायला गेला आणि थांबला. कपाळावर आठ्या आल्या. मंगला, म्हणाला. मग मंजुळा. एवढा मोठा माणूस, शाळेत उत्तर न आलेल्या पोरासारखा ताटाकडे बघत राहिला. बावीस वर्षं एका घरात, एका ताटात उष्टं खाल्लेलं, आणि त्याला येत नव्हतं. तिला राग येईल असं वाटलं होतं, पण नुसतं खोल खोल जात राहिल्यासारखं झालं.

"मंजुश्री," कोपऱ्यातून तानुबाई म्हणाली.

दोघांनी वळून पाहिलं. म्हातारी भिंतीला टेकून बसली होती, ताट तसंच पुढ्यात.

"लग्नाच्या पत्रिकेवर होतं. म्या वाचून घेतलं होतं. मले याद आहे." मग तानुबाईनं एक हुंकार दिला आणि कोणाकडंच न बघता बोलली. "नाव म्याच ठेवलं तुह्यावर. पोरगी लहान होती, तिच्यासाठी ठेवलं. तुह्यं काय होईल, थे मनातच नाई आलं. आता आलं तं लई उशीर झाला." थोडं थांबून म्हणाली, "जा तू. सकाळच्या चुलीचं मी पाहतो."

राजकुमार हात धुवायला उठला आणि बराच वेळ बाहेरच उभा राहिला.

रविवारी ती पहिल्या बसनं निघाली. नांदुऱ्याला बस बदलली, मोताळ्याला बदलली. खिडकीतून कपाशीच्या पळाट्या, उसाचे ट्रॅक्टर, मग ओळखीचे उतार लागले, आणि गाव आलं तरी ती स्वप्नात असल्यासारखीच उतरली. गाव वाढलं होतं. शाळेला नवा रंग दिलेला, निंब तोडलेला. आत वर्गात पन्नासएक माणसं, टक्कल पडलेली, पोट सुटलेली, बायकांच्या केसांना मेंदी. समोर टेबलावर तिचा तोच हसरा फोटो, मोठा करून, त्याला झेंडूचा हार, उदबत्ती. ती डोक्यावर पदर घेऊन दाराजवळ मागं उभी राहिली. कोणाची तरी बायको असेल म्हणून कोणी वळून पाहिलं नाही.

भगवानराव सर फार म्हातारे झाले होते. ते बोलले, योगिनी बोलली, तिला मधेच थांबावं लागलं. मग संघपाल माईकवर आला आणि म्हणाला, आपण दोन मिनिटं शांत उभं राहू.

खुर्च्या सरकल्या. सगळे उभे राहिले. तीही उभीच होती.

त्या शांततेत पंख्याची घरघर ऐकू येत होती. एवढी माणसं आपल्यासाठी माना खाली घालून उभी आहेत आणि आपण श्वास घेतोय, याचं तिला फार अवघडल्यासारखं झालं. हे आपलं नव्हे. मग कोणाचं? तिला ती दुसरी आठवली, तापानं गेलेली, विशीतली, अंगावर पिणारं लेकरू सोडून गेलेली. तिच्यासाठी असं कोण उभं राहिलं होतं? तेरावं झालं, वर्षाच्या आत नवी आणली, तिचं नावही काढून घेऊन दुसरीच्या अंगावर घातलं. तिनं मनातल्या मनात ही दोन मिनिटं तिला देऊन टाकली. घे बाई, म्हणाली, आता तुह्यं नावबी तुले वापस. मी चालली माह्या नावानं.

आणि तेवढ्यात ती मनातच अडखळली. जयमाला हे तरी त्या पहिलीचं कुठं होतं? तिलाही ते लग्नातच मिळालं असणार. तिच्याही बापानं काहीतरी ठेवलं असेल, त्या नावानं कोणी तिला अंगणातून हाक मारली असेल, शाळेत कोणाच्या तरी शेजारी ती बसली असेल. आपण बावीस वर्षं तिच्या नावानं घास काढला, आणि तो घास तिला कधी पोचलाच नसेल.

लोक खाली बसले. ती बसली नाही. खुर्च्यांच्या मधून पुढं चालत गेली, पदर खांद्यावर आला. फोटोशेजारी उभी राहिली तेव्हा पहिल्या रांगेतल्या कोणीतरी तोंडावर हात नेला. माईक तिला उंच होता, तिनं तो वाकवला.

"मी मंजुश्री पुंजाजी किनगे. मी मेली नाई. मी तुमाले खोटं बोलली, काऊन की माह्यं नाव घेणारं दुसरं कोणी नव्हतं, मले आयकत राहावं वाटलं. मले माफ करा. मेली थे दुसरी होती, अन् तुमी आता उभे राह्यले थे तिच्यासाठी राह्यले असं मी समजतो."

योगिनी उठली, तरातरा आली आणि तिच्या पाठीत इतक्या जोरात गुद्दा घातला की माईक आडवा झाला. आणि दुसऱ्याच क्षणी तिला घट्ट धरून रडायला लागली. काही जण चिडले, एक-दोघं उठून बाहेर गेले, तेही बरोबरच होतं. संघपालनं फोटोवरचा हार काढला, उदबत्ती विझवली. भगवानराव सरांना ऐकू कमी येत होतं, ते शेजारच्याला विचारत होते की काय झालं.

जेवायला पंगत बसली तेव्हा ती व्हरांड्यात आली आणि तिनं घरी फोन लावला. राजकुमारनं उचलला. पोचली का, जेवली का, काही बोलले का लोक, असं त्यानं हळू आवाजात विचारलं.

"पह्यलीचं माहेरचं नाव काय होतं?" तिनं विचारलं.

पलीकडून तो अंगणात गेल्याचा आवाज, मग लांबून त्याचं आईला विचारणं. शाळेच्या पटांगणात ऊन भरून राहिलं होतं, तिला ते संपूच नये असं वाटलं.

"सारिका, म्हणते आई," राजकुमार म्हणाला. त्याचा आवाज बसला होता. "मले नाई याद आलं."

तिनं फोन ठेवला आणि नागपूरला लावला. डिंपल वॉर्डात होती, कुजबुजत बोलली, काय झालं आई, बरी आहेस ना.

"डिंपल, तुह्या आईचं नाव सारिका होतं."

वॉर्डातले आवाज येत राहिले, कोणाच्या तरी चपला, कोणाचं तरी खोकणं. डिंपलनं ते नाव एकदा ओठातल्या ओठात म्हणून पाहिलं. मग तिनं विचारलं, "अन् तुह्यं?"